हाडं ठिसूळ, सल्ले भक्कम

घाटावरची, सातारा
आपल्या ज्येष्ठांच्या गटावर फिरणारी ती पोस्ट सगळ्यांनी वाचली असेलच. सार एवढंच, की हाडांच्या गोळ्यांनी जबडा कुजतो, मांडीचं हाड काडकन मोडतं, कंपन्यांनी बाईच्या वयालाच रोग ठरवलंय; त्यापेक्षा नाचणी, तीळ, कांडवेल आणि कोवळं ऊन बास. खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझ्या चुलत सासूबाईंचा. त्यांचा पाठीचा मणका हंडा उचलताना दबला, उंची कमी झालीय, पोलक्याची मापं बदललीत, आणि आता त्या गोळी बंद करणार म्हणतात. म्हणून लिहितेय. लांबेल.

नाचणी खा की, कोण नको म्हणतंय? शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, गहू-तांदूळ जवळपास फिरकत नाहीत. पण पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं, असं आयसीएमआर ही सरकारी आरोग्य संशोधन संस्था सांगते. बरं, तेवढं पोटात गेलं तरी पुढं काय? पाळी गेल्यावर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि हाड भरण्यापेक्षा पोखरलं जास्त जातं. विटा आणून टाकल्या म्हणून भिंत पाडणारे थांबत नाहीत. अॅलेंड्रोनेट (आठवड्याची गोळी), झोलेड्रॉनिक (वर्षातून एकदा सलाईनमधून) ही औषधं त्या पाडणाऱ्यांना आवरतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, पण एकदा हाड मोडलं, किंवा डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे अडीचच्या खाली गेला, की ते औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी नाही.

आणि कोवळं ऊन! ड जीवनसत्त्व बनवणारे किरण कोवळ्या उन्हात जवळपास नसतातच. ते मिळतात अकरा ते दोनच्या सुमाराला, जेव्हा आपल्या बायका एकतर घरात असतात, नाहीतर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून भांगलायला.

जबड्याचं म्हणाल तर हाडं ठिसूळ असणाऱ्यांना जो डोस देतात, त्यात तो त्रास वर्षाला दहा हजारांत एखादीला, किंवा त्याहूनही कमी. कॅन्सरच्या पेशंटला कितीतरी मोठा डोस जातो, भीतीच्या गोष्टी बहुतेक तिकडच्या. उलट खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात जातं. हे त्या पोस्टमध्ये का नाही?

कृष्णाकाठचा, सांगली
ताई, भाषण झकास. आता माझ्या आईचं ऐका. अॅलेंड्रोनेटची आठवड्याची ७० ची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात छातीत अशी जळजळ, की पाणी गिळवेना. डॉक्टरांकडं गेलो तर म्हणाले, ‘अॅसिडिटीची एक जोडीला देतो.’ म्हणजे गोळीवर गोळी. शेवटी मीच बंद केली. आज ती चालते, फिरते, गणपती मंदिरापर्यंत रोज जाऊन येते.

दुसरं, टक्केवारी. झोलेड्रॉनिकची २००७ ची जी मोठी चाचणी सगळे नाचवतात, तिच्यात खुब्याचे फ्रॅक्चर ४१ टक्क्यांनी कमी, असं ओरडून सांगतात. मूळ आकडे बघा. तीन वर्षांत औषधाशिवाय शंभरातल्या अडीच जणींचा खुबा मोडला, औषध घेऊन १.४ जणींचा. म्हणजे शंभर बायकांना सलाईन लावायचं आणि एकीचा खुबा वाचवायचा. याला तुम्ही ‘हवंच’ म्हणता?

औषधवाला, कराड
@कृष्णाकाठचा, एक विचारतो, रागावू नका. आई गोळी घेऊन परत आडव्या होत होत्या का? रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग किमान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं. चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही. माझ्या काउंटरवर दहातल्या सात जणी (मोजले नाहीत, अंदाजाने सांगतोय) सांगतात, ‘चहाबरोबर घेतली नि जरा पडले.’ गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली की जळणारच. कॅल्शियमसोबत घेतली तर पोटात शोषलीच जात नाही, तिथं पैसे पाण्यात.

थायरॉइडच्या गोळीचंही तेच. तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर पाहिजे. कॅल्शियम कार्बोनेट जेवणानंतर, सायट्रेट कधीही. १२५० च्या कार्बोनेटच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० च असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचत कोण नाही. मुतखड्याच्या माणसानं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते हो, रोजची नाही! एका आजोबांनी रोज घेतली, उलट्या करत ॲडमिट झाले.

कृष्णाकाठचा, सांगली
आडवी होत असेल. पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास खुर्चीत बसायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? चिठ्ठीवर फक्त ‘आठवड्यातून एकदा’. ही चूक तुमच्या पेशाची, माझ्या आईची नाही.

औषधवाला, कराड
मान्य. सांगायला दोन मिनिटं लागतात आणि कुणाकडं नसतात.

मिरजकर काकू
तुम्ही सगळे औषधावर भांडताय, पण आपल्या भागातल्या बायकांच्या तोंडाकडं कुणी बघतंय का? जबड्याचा धोका कुणाला जास्त? ज्यांच्या हिरड्या आधीच कुजल्यात त्यांना. आणि हिरड्या कशानं कुजतात? मिश्रीनं! सकाळी उठल्याबरोबर बोटाला लावून अर्धा तास उकिडवं बसायचं. मिरज १८९४ पासून दवाखान्यांची पेठ आहे, लांबलांबून लोक इथं येतात, आणि दारातल्या बायका तंबाखू भाजून दातावर चोळतात. आमच्या घरी आलेल्या एकीचे खालचे दात हलत होते आणि तिला हाडांचं इंजेक्शन द्यायचं चाललेलं. मी म्हटलं, आधी दाताच्या डॉक्टरकडं जा, जे काढायचे ते काढून घे, जखम भरू दे.

तासगावकर
काकू, मिश्री लावणाऱ्या बायका म्हंजे अडाणी, असंच म्हणायचं न्हवं? आमची आजी मिश्री लावून चौऱ्याऐंशी वर्सं जगली, द्राक्षाच्या बागंत शेवटपर्यंत राबली, हाड मोडलं न्हाई. बाईला दिवसभरात सोताची म्हणून तेवढीच एक येळ गावती. तीबी काढून घ्या तुमी. तुमच्या सुना मोबाईलवर दोन तास घालवत्यात ते चालतं!

मिरजकर काकू
सुनांचा संबंध काय? मी तंबाखूबद्दल बोलतेय. अडाणी हा शब्द तुमचा, माझा नाही.

तासगावकर
भाव तोच हुता.

घाटावरची, सातारा
तंबाखूनं हाडाची घनता उतरते, विड्या-सिगरेटचा पुरावा तर भरपूर आहे. मिश्रीचा तेवढा नाही. पण हिरड्यांबाबत काकू बरोबर बोलल्या. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीनं काही सिद्ध होत नाही हो, माझे आजोबा रोज गावठी पिऊन नव्वदीला गेले.

तासगावकर
म्हंजे आता दारूचंबी काढलं. तुमच्या घरातलं तुमी बघा. आमच्या आळीत सकाळी मिश्रीच्या टायमाला सहा-सात बाया कट्ट्यावर बसत्यात, कुणाच्या नवऱ्यानं मारलं, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं तिथं कळतं. तुमच्या दवाखान्यात कोण इचारतंय एवढं?

दुष्काळी, विटा
मिश्री सोडायला लावून माझ्या सासूनं आठवडाभर स्वयंपाकघरात भांडी आपटली. डोकं दुखायचं, पोट साफ होईना. शेवटी सासऱ्यांनीच गुपचूप डबी आणून दिली. सोडा म्हणणं सोपं आहे, काकू.

मिरजकर काकू
मी सोडा म्हटलंच नाही. दात दाखवा म्हटलं. वाचा तरी!

दुष्काळी, विटा
बरं. मूळ विषयावर येते, कारण सहामाही इंजेक्शनाचं कुणी बोलतच नाही. डेनोसुमॅब. माझ्या मावशीला तेच दिलं, कारण तिची किडनी कमजोर, झोलेड्रॉनिक चालत नव्हतं. दोन-तीन वर्षं छान गेली. मग मुलाचं लग्न, मग ऊसतोड, मग ‘आता बरं वाटतंय’. पुढचं इंजेक्शन राहिलं. वर्षाच्या आत दोन मणके लागोपाठ दबले. मग कळलं, की हे औषध थांबवलं की थोपवलेली झीज उसळून येते, तारीख चुकवायची नाही, आणि बंद करायचं तर त्याच्या मागं दुसरं औषध लावावं लागतं. अॅलेंड्रोनेट हाडात साठून राहतं, बंद केलं तरी काही काळ काम करतं. हे तसं नाही. आधी सांगितलं असतं तर लग्नाची तारीख आम्ही पुढं ढकलली असती.

कृष्णाकाठचा, सांगली
बघा! औषध घ्या तर त्रास, सोडा तर त्रास. म्हणूनच मी म्हणतो कांडवेल बरी.

औषधवाला, कराड
कांडवेलीनं हाड मोडायचं प्रमाण कमी झालं, अशी एक मोठी चाचणी दाखवा, मी दुकानात वेगळं कपाट करतो. आणि वैद्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे बाजारात बिननावाच्या पुड्या विकणाऱ्यांशी. ‘आठ दिवसांत गुडघे मोकळे.’ असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. दुखणं जातं खरं, पण स्टेरॉइड हाड पोखरतं. गुडघ्यासाठी घेतलेल्या पुडीनं मणका गेला, अशी माणसं दर महिन्याला बघतो.

कृष्णाकाठचा, सांगली
पुडीचं समर्थन मी कुठं केलं? माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या बहिणीचा टी-स्कोअर उणे १.७. कधी हाड मोडलं नाही, वय बावन्न. तिलाही गोळी लिहिली. हे काय आहे?

घाटावरची, सातारा
ते जास्तीचं वाटतं. उणे एक ते उणे अडीच म्हणजे झीज सुरू झालीय, रोग नाही. आई-वडिलांचा खुबा मोडलेला, स्टेरॉइड चालू, खूपच बारीक अंगकाठी, असलं काही नसेल तर आहार, ड ची तपासणी, वजन पेलणारा व्यायाम आणि काही वर्षांनी परत डेक्सा. तिच्या बाबतीत तुमचा मुद्दा घेते, हवं तर फ्रेम करून लावा.

पण तुमचे आकडे अर्धे आहेत. त्याच चाचणीत मणक्याचे फ्रॅक्चर १०.९ टक्क्यांवरून ३.३ वर आले. ते तुम्ही सोयीनं गाळलंत. मणका दबलेल्या बाईला विचारा, शंभरात सात-आठ जणी वाचणं म्हणजे थोडं की फार.

आणि ड च्या पुडीवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी: अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना रोज २००० युनिट देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, हाडं मोडायची तेवढीच मोडली. ज्यांना कमतरता आहे त्यांना ड द्यायलाच हवं, ती गोष्ट वेगळी. पण ते औषधाला पर्याय नाही.

दुष्काळी, विटा
आणि न्हाणीघरातली ती गुळगुळीत फरशी? मावशीच्या घरी तिच्यावर आता पोतं टाकलंय. हाड मोडायला आधी पडावं लागतं.

तासगावकर
हे पयलं शाण्याचं बोललात.

कृष्णाकाठचा, सांगली
बरं. गोळी सोसत नसेल तर वर्षातून एकदाचं सलाईन, बरोबर? पोटातून जायचं नाही म्हणजे जळजळ नाही.

औषधवाला, कराड
बरोबर. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम, ड तपासून घ्यायचं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉलनं उतरते. घाबरून ‘रिअॅक्शन आली’ म्हणून परत इथं पोस्ट टाकू नका.

कृष्णाकाठचा, सांगली
टाकणार, तुमच्या नावानं. आईला विचारलं. म्हणाली, ‘वर्षातनं एकदा म्हंजे चालंल, पण माज्या मिश्रीचं नाव काढायचं न्हाई.’

मिरजकर काकू
नाव नाही काढत. सलाईनच्या आधी दात दाखवून घ्या.