डिस्क आपली, कुलूप त्यांचं

व्हिडिओ गेमला वरून जोडायचे जादा भाग, म्हणजे डीएलसी, वेगळे पैसे घेऊन विकतात अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "नको असेल तर घेऊ नका, जबरदस्ती कुठे आहे". हे घोड्याच्या चिलखतापुरतं पटतं. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्यासाठी ते अडीच डॉलरला विकलं, लोकांनी यथेच्छ टर उडवली, पण न घेणाऱ्याचं काही अडलं नाही. २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'चं काय? त्या गेममधले १२ फायटर, म्हणजे लढणारी पात्रं, विकत घेतलेल्या डिस्कवरच होते, फक्त कुलूपबंद. किल्लीचे पैसे वेगळे! बिल्डरने फ्लॅट देऊन एका खोलीची चावी निराळी विकावी तसं. (पार्किंगच्या बाबतीत करतातच म्हणा.)

उलट 'विचर ३' या गेमच्या 'ब्लड अँड वाइन' या जादा भागाचे पैसे मी आनंदाने मोजले. अख्खा नवा प्रदेश होता तो. आणि त्याआधी १६ छोटे डीएलसी त्यांनी फुकटच दिले होते.