हत्ती-बैलाचं चौकोनी चांदीचं नाणं: घ्यावं का?

कॅशकाउंटर:
नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या नाण्यांचा नाद लागलाय. नियम एकच: चांदी हवी, आणि तिच्यावर देव नाहीतर जनावर हवं. राजांचे मुखवटे नकोत, नोकरीभर नोटांवर चेहराच बघितलाय.

परवा एका विक्रेत्याकडे एक चौकोनी नाणं बघितलं. एका अंगाला चालता हत्ती, पोटाला दोर आवळलेला, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या अंगाला वशिंडाचा बैल आणि खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडची जुनी लिपी. वजन २.४२ ग्रॅम. विक्रेता म्हणतो अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजाचं आहे, साडेसात हजार सांगतोय. वरच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा गुळगुळीत डाग आहे, तिथली अक्षरं गेलीत. त्या डागामुळेच मन कच्चं होतंय. नाणं खरं असेल का? की एवढ्या पैशांत दुसरं काही बघू?

भटक्या७:
लांब राहा ताई. नेटवर ‘श्रीकृष्णाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं’ दोनशे रुपयांना विकतात, त्यातलाच प्रकार दिसतोय.

सराफकट्टा:
भटक्या, ते वेगळं प्रकरण. अगाथोक्लीस या दुसऱ्या इंडो-ग्रीक राजाच्या ज्या नाण्यांवर एकीकडे नांगर-मुसळ घेतलेला बलराम आणि दुसरीकडे चक्रधारी वासुदेव आहे, ती अफगाणिस्तानात आय-खानूमला १९७० मध्ये फ्रेंच उत्खननात सापडली. मोजून सहा. दोनशे रुपयांत त्यांचा फोटो मिळेल. अपोलोडोटसचा हत्ती मात्र बाजारात बऱ्यापैकी येतो.

ताई, डागाला घाबरू नका. ती कडी झाळल्याची खूण वाटते. कुणीतरी नाणं गळ्यात घालत असणार, पुढे कडी काढून जागा घासली. आमच्या नाशिकच्या पेढीवर असे डाग नेहमी यायचे. त्याने किंमत उतरते, नाणं खोटं ठरत नाही. घासाघीस करायला आयता मुद्दा मिळाला म्हणा.

वजन बरोबर आहे, ही चौकोनी ड्रॅक्मा (ग्रीक पद्धतीची चांदीची नाणी) अडीच ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. आता धातू बघा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा ०.२३-०.२४ दाखवेल तर चांदी. ०.२७-०.२८ कडे गेला तर आत तांबं नाहीतर जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू. विक्रेता हे करू देत नसेल तर तिथून उठा.

पण चांदी ओतून केलेलं नकलीही या परीक्षेत पास होतं, म्हणून भिंग हवंच. नाणं कडेवर उभं धरून चारही बाजू फिरवा. साच्यात ओतलेल्याला कडेने बारीक शिवण असते, किंवा ती घासून काढल्याचे ओरखडे. अक्षरांच्या खाचांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. ठोकलेल्या नाण्याच्या कडा छिन्नीने तोडल्यासारख्या ओबडधोबड, कुठे बारीक चीर गेलेली. खरोष्ठी उजवीकडून वाचायची: ‘महरजस अपलदतस त्रतरस’, म्हणजे त्राता महाराज अपोलोडोटसचं. तुमच्या डागात यातलं काय गेलंय तेही कळेल.

आणि हे नाणं परक्या मुलखाचं समजू नका. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शिकेत लिहिलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची जुनी ड्रॅक्मा गुजरातेतल्या भडोच बंदरात तेव्हाही चालत होती, म्हणजे राजा जाऊन दोनेकशे वर्षं झाल्यावर. त्याच भडोचला पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांनी जायचं. आपल्याकडच्या गाडीवानांच्या कनवटीला हा हत्ती असणारच, असं मला आपलं वाटतं.

तरी दुसरं काही बघायचं तर माझं मत कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाच्या नाण्याला. सहाव्या शतकातलं, दोन ग्रॅमच्या आसपासचं गोल नाणं. एका बाजूला मुखवटा आहे, तेवढा चालवून घ्या. मागे बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मीत ‘परममाहेश्वर’ वगैरे. नाशिक, मुंबई, कऱ्हाड, सगळीकडे सापडलंय. त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीचे भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट आहेत, इ.स. ७१० च्या सुमाराचे. त्यांत अजून ‘कृष्णराज-रूपक’ (कृष्णराजाचं चांदीचं नाणं) म्हणूनच रकमा लिहिल्यात! दीडशे वर्षं एका नंदीवर व्यवहार चालला. हल्ली त्याच अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. खरं नाणं कसं दिसतं ते आधी तिथल्या काचेपलीकडे बघा.

ऱ्हाइनकाठचा:
काका, भारी माहिती. मी जर्मनीत असतो. माझ्याकडे अलेक्झांडरचं ड्रॅक्मा आहे: पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लीस, मागे हातावर गरुड घेऊन बसलेला झ्यूस. देव आणि जनावर दोन्ही! कृष्णराजाचं मिळालं तर मलाही एक घेऊन ठेवा ना, दिवाळीत आलो की घेऊन जातो.

सराफकट्टा:
अजिबात नाही हो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. खिशात एकच असलं तरी तेच. ताई, याच कायद्याने विकणाऱ्यालाही परवाना लागतो. तो बघायला मागा, आणि पक्कं बिल घ्या.

कॅशकाउंटर:
काका, आज काटा आणि भिंग घेऊन गेले होते. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, पण पेला दिला. ०.२३ आलं! शिवण नाही, बुडबुडे नाहीत, बैलाच्या मागच्या पायाशी कडेला चीर आहे. ‘त्रतरस’मधली दोन अक्षरं डागात गेलीत. परवाना दाखवला. सहा हजारांवर आणून, बिल घेऊन घरी आणलं. नंदी पुढच्या पेन्शनला. आता हे काळं कशाने काढू? शेजारीण टूथपेस्ट म्हणतेय.

सराफकट्टा:
अभिनंदन! आणि शेजारणीला नाणं दाखवूच नका. टूथपेस्ट, चिंच, राख, काहीही लावायचं नाही. त्या काळेपणामुळेच हत्ती उठून दिसतो. जुनी चांदी ठिसूळ होते, घासताना तुकडा पडेल. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. साध्या कागदी पाकिटात ठेवा, वर वजन, तारीख आणि किंमत लिहा. मुलांना कळू द्यायची नसेल तर किंमत सांकेतिक लिहा, आम्ही तेच करतो.