वाडीवरच्या वृद्धांची घरभेट सेवा: ग्रामपंचायतीने संस्थेला पैसा द्यावा का?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

राजापूर तालुक्यातील आमच्या गावात एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची परिचारिका गेली काही वर्षे घरोघर जाते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमा धुणे, लघवीची नळी बदलणे, रक्तदाब आणि साखर तपासणे, हवेची गादी उसनी देणे, निराधार योजनेचे अर्ज भरून तहसील कार्यालयात पोचवणे, असे तिचे काम आहे. आजवर हा खर्च मुंबईकर मंडळी आणि काही देणगीदार उचलत आले. आता संस्थेने ग्रामपंचायतीकडे बंद पडलेल्या शाळेची एक खोली आणि दरवर्षी ठरावीक रक्कम मागितली आहे. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे येईल. माझे मत ही मागणी मान्य करण्याच्या बाजूचे आहे आणि त्याची कारणे मांडतो.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. देश वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि त्याचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही: कमावता पुरुष मुंबईत, मागे बायको, आई, आणि आता तर बहुतेक घरांत केवळ आईच. सरकारी आरोग्ययंत्रणेचे माप मात्र डोकी मोजण्याचे आहे. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा निकष आहे. माणसे कमी झाली म्हणून सडा (वरचे कातळाचे पठार) आणि खाडी यांच्यामधली चढण कमी होत नाही, पण निकषात चढणीला रकाना नाही. ज्या गावात तीसेक घरांच्या वाडीत सात-आठ म्हातारी माणसे उरली आहेत आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरल्याशिवाय रिक्षा मिळत नाही, तिथे उपकेंद्र कितीही चांगले चालले तरी ते म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगाचे नाही. तिथे घरी जाणारे कोणीतरी हवे, आणि आज प्रत्यक्षात घरी जाते ती संस्थाच.

चिरेबंदी

संस्थेच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तरीही मी या ठरावाच्या विरोधात आहे. (आधी एक तांत्रिक गोष्ट: शाळेची इमारत जिल्हा परिषदेची आहे, ती देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. निदान खोलीचा विषय तरी ठरावातून काढा.)

मुख्य आक्षेप असा की देणगीवर चालणारी सेवा ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि तिला सार्वजनिक पैसा दिला म्हणून ती सार्वजनिक होत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे किती संस्था धावून आल्या. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत मदतीच्या गाड्यांनीच वाहतूक कोंडली होती. त्या सगळ्यांचे ऋण मान्य आहे. पण चिखल काढून झाल्यावर, ज्यांचे इन्सुलिन वाहून गेले आणि ज्यांना ते पुढेही जन्मभर लागणार होते, त्यांच्या वाट्याला पुन्हा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रच आले. संकटात धावणे आणि वर्षानुवर्षे दर मंगळवारी त्याच घरी जाणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या कामाला बांधून घेणारा कायदा संस्थेला लागू नाही. उद्या परिचारिकेने नोकरी सोडली, विश्वस्तांत भांडण झाले किंवा मोठा देणगीदार वारला, तर गावकरी कोणाला जाब विचारणार?

धागाकर्त्यांचे निकषाबद्दलचे म्हणणे अगदी खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. निकष चुकीचा आहे तर तो बदलून घेण्यासाठी भांडले पाहिजे. संस्था ती उणीव स्वखर्चाने झाकत राहिली, तर ती उणीव आहे हे जिल्ह्याच्या कागदावर कधीच येणार नाही.

निवृत्त अव्वल कारकून

मी महसूल खात्यात सेवा केली आहे, त्यामुळे औषधपाण्यावर न बोलता फक्त अर्जांवर बोलतो.

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांत दिव्यांग वगळता इतरांना महिना १,५०० रुपये मिळतात. पहिली ६५ वर्षांच्या आतील निराधारांसाठी, दुसरी ६५ आणि त्यापुढील वृद्धांसाठी. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. आता कोकणातले एक नेहमीचे घर घ्या. मुलगा नालासोपाऱ्यात राहतो, वर्षानुवर्षे पैसे पाठवत नाही, पण शिधापत्रिकेवर त्याचे नाव तसेच आहे. तलाठ्याने उत्पन्नाचा दाखला देताना त्याची कमाई धरली की आईचा अर्ज नामंजूर. हा तलाठ्याचा दुष्टपणा नव्हे. कागद जे सांगतो तेवढेच तो लिहितो. शिधापत्रिका विभक्त करणे, वयाचा पुरावा मिळवणे (ज्यांच्या जन्माची नोंद नाही त्यांच्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला), बँक खात्याला आधार जोडणे, आणि मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला देणे, ही सगळी पायपीट गुडघे गेलेल्या बाईने एकटीने करावी अशी ही व्यवस्था आहे. नारळ सोलून, भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही, हे मी माझ्या टेबलासमोर कितीदा पाहिले आहे.

या पायपिटीत बरोबर येणारा माणूस शासनाच्या कोणत्याही पदाच्या कर्तव्यसूचीत नाही. म्हणून निदान या एका कामासाठी संस्थेला पैसा देण्यास माझी सहमती आहे. एका वृद्धेचे मानधन सुरू झाले की वर्षाला १८,००० रुपये गावात येतात. त्यासाठी ग्रामपंचायतीने थोडा खर्च केला तर तो वाया गेला असे कोणताही लेखापरीक्षक म्हणणार नाही.

सड्यावरची आशा

मी आशा स्वयंसेविका आहे. वरच्या तिन्ही मतांत माझा उल्लेख एकदाही आला नाही, म्हणून लिहिते.

संस्थेच्या ताईंना पहिल्यांदा प्रत्येक घर दाखवले ते मी. कोणाच्या पाठीला जखम झाली आहे, कोण गोळ्या घेत नाही, कोणाकडे जेवणही होत नाही, हे मला माहीत असते, कारण हजार लोकांमागे एक आशा या हिशेबाने या वाड्या माझ्याकडे आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणीचा अर्ज मी भरते, क्षयाचे संशयित शोधते, गरोदर मातांच्या आणि बाळांच्या भेटी करते. आम्हाला मिळतो तो कामावर आधारित मोबदला आणि शासनाने ठरवलेले मानधन. कायम कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. याच प्रश्नांवर आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संप केला होता. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, तेव्हा गावात माझाही सत्कार झाला. शाल मिळाली.

अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला कुशीवर कसे वळवावे, जखम कशी धुवावी, हे मला कोणी नीट शिकवले तर मी करू शकते. रोज त्या घरावरून जातेच. ग्रामपंचायतीकडे पैसा असेल तर तो आधी माझ्या आणि उपकेंद्रातल्या सेविकेच्या प्रशिक्षणावर आणि सामानावर का खर्च होऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे. लघवीची नळी बदलणे हे माझे काम नाही, ते परिचारिकेचेच आहे, आणि त्यासाठी ताई लागतील हेही मी मान्य करते.

पऱ्ह्यापलीकडे

थोडक्यात लिहितो. संस्थेचे स्थानिक विश्वस्त कोण आहेत? गावकीचे मानकरी आणि मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे, पदाधिकारी. मंडळे वाडीवार आहेत, म्हणजेच जातवार आहेत, हे आपण सगळे जाणतो आणि सभ्यपणाने बोलत नाही. परिचारिकेची घरभेटींची यादी कोणत्या वाडीपासून सुरू होते आणि कोणत्या वाडीवर वेळ अपुरा पडतो, ते एकदा तपासावे. बौद्धवाडीतल्या माझ्या चुलत्यांना हवेची गादी हवी होती, तेव्हा ती ‘दुसरीकडे दिलेली’ होती. कदाचित खरोखरच असेल. पण उपकेंद्रात मला असे विचारता येते की यादी दाखवा. संस्थेत मी विचारले तर तो उपकारकर्त्यावर घेतलेला संशय ठरतो.

खाडीपल्याड

वरील आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला माझ्याकडे शब्दांचे उत्तर नाही. यादी ग्रामसभेत वाचून दाखवली पाहिजे, एवढेच उत्तर असू शकते.

चिरेबंदी यांना मात्र मी विचारतो, की शासन स्वतः काय करते? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि ती खासगी कंत्राटदार चालवतो. तिथे कोणी म्हणत नाही की सेवा सार्वजनिक राहिली नाही.

चिरेबंदी

१०८ ला करार आहे, निविदा आहे, आणि गाडी वेळेवर आली नाही तर त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. तुमच्या ठरावात करार कुठे आहे? ‘दरवर्षी ठरावीक रक्कम’ एवढेच आहे.

तिलारीकाठ

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला. आमच्याकडे गंभीर रुग्ण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा ते आम्हाला सोयीचे पडते. अनेक वर्षे तिथे मोफत उपचार होत होते आणि आम्ही ते गृहीत धरले होते. जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती, कारण तो पैसा त्यांच्या करदात्यांचा. पण आमच्याकडे त्या वर्षी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे दोन राज्यांत बोलणी सुरू झाली. दुसऱ्याच्या सद्भावनेवर उभी असलेली सोय गेली की कोणत्या कलमाखाली तक्रार करावी हेच समजत नाही, हा आमचा अनुभव आहे. त्यामुळे माझा कल चिरेबंदी यांच्याकडे आहे.

तरी एक गोष्ट नोंदवतो. २०१६ नंतर आमच्या भागात माकडताप आला, तेव्हा मेलेल्या माकडाची खबर देणे, जंगलात जाणाऱ्यांना गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचे तेल वाटणे, तापाचे रुग्ण शोधणे ही कामे आरोग्य सेवक आणि आशांनी वाडीवाडीवर जाऊन केली. घरी जाणारे सरकारी माणूस कोकणात नाहीच, असे जे पहिल्या मजकुरातून ध्वनित होते, ते बरोबर नाही.

रत्नागिरीची ताई

मी समाजकार्यात होते, आता निवृत्त आहे. चर्चा वृद्धांपुरतीच राहिली, म्हणून दुसरे टोक दाखवते. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांपैकी एक रत्नागिरीत, एकोणिसाव्या शतकापासून. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की केवळ कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशा माणसासाठी समाजात राहण्याची सोय शासनाने करायची आहे. म्हणजे चिरेबंदी ज्या कायद्याच्या बंधनाचा आग्रह धरतात, ते इथे कागदावर आहे. प्रत्यक्षात रेल्वे स्थानकावर सापडलेला, नाव न सांगता येणारा माणूस पोलीस कोणाच्या दारात आणून सोडतात? पणदूरच्या संविता आश्रमासारख्या ठिकाणी, जिथे संस्थेचे लोक त्याचे केस कापतात, जखमा धुतात, आणि महिनोन्महिने त्याचे गाव शोधत बसतात. हक्क असणे आणि तो बजावून घेण्याइतके त्राण असणे या दोन गोष्टी आहेत, आणि ज्याच्यात त्राण नाही त्याच्या बाजूने उभे राहणारी संघटित माणसे म्हणजेच संस्था. तिला पैशाशिवाय चालायला सांगून तिची तत्त्वे तपासणे मला न्याय्य वाटत नाही.

चिरेबंदी

ताईंचा अनुभव मोठा आहे. पण त्यांच्या उदाहरणातही कायदा शासनावर जबाबदारी टाकतो आणि शासन ती संस्थेच्या दारात सोडून निघून जाते. मला नेमके हेच नको आहे.

खाडीपल्याड

केरळचा दाखला द्यावासा वाटतो. मलप्पुरम आणि कोळिकोड भागांत खिळलेल्या रुग्णांची घरभेट स्थानिक स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी सुरू केली. २००८ साली त्या राज्याने परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी शुश्रूषा) धोरण केले आणि परिचारिकेची घरभेट पंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे आली. स्वयंसेवक बाजूला पडले नाहीत, ते बरोबर चालत राहिले. म्हणजे संस्थेने आधी करून दाखवले, म्हणून सरकारला ते करणे भाग पडले. संस्था उणीव झाकते, हा चिरेबंदी यांचा सिद्धान्त तिथे तरी खरा ठरला नाही.

निवृत्त अव्वल कारकून

केरळच्या पंचायतींना १९९६ च्या लोकयोजनेपासून राज्याच्या योजना खर्चातला मोठा वाटा मिळू लागला, हे त्यात जोडा. आपल्या ग्रामपंचायतीकडे घरपट्टी आणि पाणीपट्टी आहे. समजा, स्वतःचे उत्पन्न वर्षाला सहा लाख आहे. त्यातील ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव, म्हणजे ३०,००० रुपये. आणि तेही ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे त्यांच्यावरच खर्च करता येतात. पक्षाघाताने पडलेल्या किती वृद्धांकडे ते आहे? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा बंधमुक्त निधी वर्षाला १०,००० रुपयांचा. दोन्ही मिळून ४०,००० रुपये झाले, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या आत. एवढ्यात परिचारिका ठेवता येत नाही. तेव्हा आपण ज्याच्यावर भांडतो आहोत तो पैसा मुळात जखमांच्या पट्ट्या आणि तालुक्याच्या प्रवासभाड्याइतकाच आहे.

सड्यावरची आशा

मग ठरावात तेवढेच लिहा. पट्ट्या, हातमोजे आणि दोन हवेच्या गाद्या ग्रामपंचायतीने विकत घ्याव्यात आणि त्या उपकेंद्रात नोंदवहीवर ठेवाव्यात. संस्थेच्या ताईंनी तिथून सही करून न्याव्यात. घरभेटींची यादी सेविका, मी आणि ताई मिळून करू, सर्व वाड्यांची, आणि ती दर ग्रामसभेत वाचली जाईल. प्रवासभाडे अर्जदाराच्या नावाने द्यावे, संस्थेच्या नाही.

पऱ्ह्यापलीकडे

यादी वाचली जाणार असेल तर माझा विरोध नाही. गाद्या उपकेंद्रात राहणार, हे मात्र लेखी हवे.

चिरेबंदी

मूळ ठराव आला तर मी हात वर करणार नाही. आशाताईंनी सुचवले आहे ते उपसूचना म्हणून आले तर अनुमोदन देईन, आणि त्यालाच जोडून आमच्या वाड्यांना डोंगराळ भागाचा निकष लावावा अशी जिल्हा परिषदेकडे लेखी मागणीही करू. मसुदा मी तयार करतो. कारकून साहेबांनी तो एकदा तपासून द्यावा.