कारखान्यातल्या कूलरच्या (हीट एक्स्चेंजरच्या) ट्यूबना आतून इपॉक्सी-फिनॉलिक (राळेचं संरक्षक) कोटिंग द्यावं का?

प्रश्न: कार्बन स्टीलच्या 19.05 मिमी ट्यूब, आतून कूलिंग टॉवरचं पाणी. गंज आणि क्षार सतत बसतात. 200 मायक्रॉन कोटिंगने उष्णता अडेल का?

उत्तर 1: अडेल, म्हणून आधी हिशोब करा. कोटिंगची उष्णतावाहकता साधारण 0.3 वॅट/मीटर-केल्व्हिन धरली, तर 200 मायक्रॉनचा उष्णतारोध (जाडी भागिले वाहकता) 0.00067 चौ.मीटर-केल्व्हिन/वॅट येतो. म्हणजे जवळपास दीड मिमी कॅल्शियम कार्बोनेटच्या थराइतका! 50 मायक्रॉनला तोच 0.00017. उत्पादकाकडून वाहकतेचा आकडा लेखी घ्याच. फायदा असा: कोटिंगच्या आडोशाने गंज थांबतो, गुळगुळीत पृष्ठभागामुळे क्षाराची पकड सैल होते. पण पाण्याचा वेग 1 मी/सेकंदाखाली असेल तर गाळ बसणारच.

उत्तर 2: कोटिंग सुटतं ते बहुधा तयारी कच्ची राहिल्याने. तेल पूर्ण काढा, एसए 2.5 (जवळपास पूर्ण स्वच्छ धातू) या दर्जापर्यंत ब्लास्टिंग, म्हणजे खरखरीत कणांचा मारा, करा, क्षार धुवा, लगेच पहिला हात द्या. ट्यूब रोलिंग (ट्यूबची टोकं फुगवून ट्यूबशीटमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या भोकांच्या प्लेटमध्ये, घट्ट बसवणं) आधी, कोटिंग नंतर. उलट केलंत तर टोकांशी तडे जातात. तिथूनच गंज आत शिरतो.

प्रश्नकर्ता: तपासणी आणि सफाई?

उत्तर 2: टोकं आणि ट्यूबशीट ओल्या स्पंजच्या 67.5 व्होल्ट चाचणीने (कोटिंगमधली बारीक छिद्रं विजेने शोधणारी) तपासा. सफाईला नायलॉन ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नको. स्टीमआउटआधी (वाफेने सफाई करण्याआधी) कोटिंगची तापमानमर्यादा बघा.