स्त्रीवादाचे 'प्रकार' पाठ करून नेमकं काय कळतं?

निळी शाई
समाजशास्त्र शिकवते, गेले चार दिवस पेपर तपासतेय. प्रश्न ठरलेला, स्त्रीवादी सिद्धांताचे मुख्य प्रवाह स्पष्ट करा. एका उत्तरपत्रिकेत पट्टीने आखलेले चार चौकोन होते, उदारमतवादी म्हणजे हक्क, मार्क्सवादी म्हणजे भांडवल, जहाल म्हणजे पितृसत्ता, आणि चौथ्यात समाजवादी म्हणजे 'दोन्ही'. मार्क द्यावे लागले कारण चुकीचं असं काही नव्हतं, पण तेव्हापासून ते 'दोन्ही' डोक्यातून जात नाहीये.

माझं म्हणणं असं की प्रकारांपासून सुरुवात केली की मूळ प्रश्नच हरवतो. अ‍ॅन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईने १९७४ मध्ये घरकामावर पुस्तक लिहिलं, लंडनमधल्या ४० गृहिणींशी सविस्तर बोलून. आठवड्याला सरासरी ७७ तास काम निघालं, सगळ्यात कमी ४८ आणि सगळ्यात जास्त १०५. तोवर आपल्या विषयात घरकाम यायचं ते 'कुटुंब' या धड्यात, 'काम' या धड्यात नाही. तिने फक्त ते उचलून दुसऱ्या धड्यात ठेवलं आणि विचारलं की कारखान्यातल्या माणसाला कंटाळा, एकसुरीपणा, एकटेपणा हे प्रश्न विचारता तर हिला का नाही. ही बाई कुठल्या चौकोनात बसते? मला तरी सांगता येत नाही, आणि सांगून काही मिळेल असंही वाटत नाही. डोरोथी स्मिथ या समाजशास्त्रज्ञ बाईचंही तेच. दोन लहान मुलं सांभाळत पीएचडी करताना तिला जाणवलं की घरातलं जग आणि विद्यापीठातलं जग दोन वेगळ्या भाषांत चालतं, आणि समाजशास्त्र विद्यापीठाच्याच भाषेत लिहिलेलं आहे, पहिल्या जगातलं काही सांगायला त्यात शब्दच नाहीत. स्त्रीवादी समाजशास्त्र मला तिथे सुरू होतं असं वाटतं, चौकोनांत नाही.

अर्धविराम
पूर्ण असहमत. प्रवाहांची नावं म्हणजे नुसती लेबलं नाहीत हो, ती निदानं आहेत, आणि निदान बदललं की औषध बदलतं. बायका मागे का, याला कायदे आणि शिक्षण हे उत्तर दिलंत तर तुम्ही १७९२ च्या मेरी वोलस्टोनक्राफ्टपासून १९६३ च्या बेटी फ्रीडनपर्यंतच्या रांगेत उभे आहात, मग दारं उघडा, कायदे बदला, कामावर घ्या. खाजगी मालमत्ता आणि वारसा हे उत्तर दिलंत तर मार्क्सचा साथीदार एंगल्स याचं १८८४ चं पुस्तक, मग नुसते कायदे बदलून भागत नाही. आणि १९७० मध्ये केट मिलेट म्हणते की सत्ता बेडरूममध्येसुद्धा आहे, तिथे पुरुषाचं वर्चस्व हीच मूळ व्यवस्था. ही तीन उत्तरं देणारी माणसं एका खोलीत बसवली तर कचाकचा भांडतील आणि ते भांडण खरं आहे. ते पुसून 'स्त्रियांचा अनुभव' एवढंच ठेवलं तर सिद्धांत राहतच नाही.

आणि ते 'दोन्ही'. त्यात चौकोनाचा दोष नाही, त्या मुलाला हायडी हार्टमन ही समाजवादी स्त्रीवादी अर्थशास्त्रज्ञ कोणी नीट शिकवली नाही हा दोष आहे. १९७९ च्या लेखात ती म्हणते की मार्क्सवाद आणि स्त्रीवादाचं लग्न जुन्या इंग्लिश कायद्यातल्या नवराबायकोसारखं झालंय, दोघं मिळून एक, आणि तो एक म्हणजे मार्क्सवाद. मग ती दाखवते की 'घर चालेल एवढा पगार पुरुषाला' ही मागणी कामगार पुरुष आणि मालक दोघांनाही कशी सोयीची ठरली, बाईला कमी पगार म्हणून लग्न करणं भाग आणि लग्न केलं म्हणून घरकाम भाग, ते घरकाम आहे म्हणून परत कमी पगार. ही बेरीज नाही, दोन व्यवस्था एकमेकींना धरून कशा उभ्या राहतात याचा हिशोब आहे.

निळी शाई
हार्टमन मी शिकवते, आणि मनापासून शिकवते. पण तुम्ही आत्ता जे केलंत ते बघा ना, पगाराचं चक्र उलगडून दाखवलंत म्हणून ते कळलं, 'समाजवादी' या शब्दाने नाही कळलं.

रिकामी खुर्ची
मला दोघांचंही पटत नाही. चळवळ म्हणून स्त्रीवादाबद्दल पूर्ण आदर आहे, पण शास्त्र म्हटलं की बघणारा कोण आहे याने फरक पडायला नको. स्मिथ वगैरेंचं हे स्टँडपॉइंट प्रकरण, म्हणजे कुठल्या जागेवरून बघता त्यावर काय दिसतं ते ठरतं हे म्हणणं, तर मला धोक्याचं वाटतं. खालच्या जागेवरून जास्त स्पष्ट दिसतं म्हणता, मग प्रत्येक गट म्हणणार आम्हीच सगळ्यात खाली, आमचंच खरं. दोन बायकांचे अनुभव एकमेकींच्या विरोधात गेले तर निवाडा कोण करणार?

निळी शाई
प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९५५ मध्ये पार्सन्स आणि बेल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी कुटुंबावर लिहिलं, पुरुष बाहेरच्या जगाशी व्यवहार करणार, बाई भावना सांभाळणार, आणि समाज चालायला हे उपयोगी. हे कित्येक वर्षं तटस्थ शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. पण ते एका विशिष्ट काळातल्या मध्यमवर्गीय घराचं चित्र होतं, तेही अशा खुर्चीतून काढलेलं जिथे बसलेल्या माणसाला स्वतःचा शर्ट कोण धुतं हे लिहायची गरज पडली नाही. म्हणजे जागा त्यांनाही होती, फक्त ती सांगितली नव्हती. स्टँडपॉइंटवर लिहिणारी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग एवढंच म्हणते की संशोधकाची जागासुद्धा तपासणीत घ्या, त्याने वस्तुनिष्ठता वाढते, कमी होत नाही. आणि नुसतं बाई असल्याने स्टँडपॉइंट मिळत नाही, तो विचार करून, संघर्षातून घडवावा लागतो, हे या सगळ्याजणी सांगतात.

रिकामी खुर्ची
पार्सन्सवरची टीका मान्य. निवाड्याचं उत्तर अजून मिळालं नाही, जागा सांगितल्यावरही दोन बायांपैकी कोणाचं धरायचं हे उरतंच.

पायवाट
निवाड्याचंच उदाहरण देतो, खऱ्याखुऱ्या कोर्टातलं. अमेरिका, निकाल १९७६ चा, पाच कृष्णवर्णीय बायका जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. कंपनीने १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय बायका कामावर घेतल्याच नव्हत्या, पुढे मंदीत 'शेवटी आले ते आधी बाहेर' या नियमाने कपात झाली आणि उशिरा घेतलेल्या या सगळ्या बाहेर. कोर्ट म्हणालं कंपनीने बायका तर घेतल्यात, म्हणजे लिंगभेद नाही. घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या, ऑफिसकामाला. वंशभेदाची तक्रार कंपनीवरच्या दुसऱ्या वंशभेदाच्या खटल्यात जोडा म्हणे, आणि दोन्ही एकत्र करून वेगळा दावा करता येणार नाही. कायद्याची अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉने १९८९ मध्ये इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे वंश आणि लिंग यांसारखे भेद एकाच माणसावर एकत्र येतात हे सांगणारा शब्द आणला, तो ही केस समोर ठेवून. म्हणजे कोण जास्त खाली याची स्पर्धा नाहीच ती, नियम दोन खणांत बनवलाय आणि माणूस मधल्या फटीतून पडतो हे दाखवणं आहे. खुर्चीसाहेब, इथे अनुभव हा निवाडा नाहीये, पुरावा आहे, कामावर कधी घेतलं त्या तारखा कोणीही तपासाव्यात.

आणि अर्धविराम, तुमच्या निदानांच्या यादीत या पाच बायका कुठे आहेत? फ्रीडनने ज्या घरात कोंडलेल्या गृहिणीबद्दल लिहिलं तिला बाहेर कामाला जायचं होतं, पण बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८४ मध्ये विचारलं की आधीपासूनच दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईचं काय. हा अजून एक प्रवाह म्हणून शेवटी जोडायचा विषय नाही, याने आधीच्या सगळ्यांचीच 'बाई' कोण ते उघडं पडतं.

अर्धविराम
हे मान्य, क्रेनशॉ मी मुद्दाम टाळली नव्हती पण यादी करताना तीच राहिली हे खरंय.

मधली सुट्टी
मी समाजशास्त्र शिकलेले नाही, नोकरी करते, सगळं वाचत होते. आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये मिनिट्स, म्हणजे काय बोललं आणि ठरलं त्याची नोंद, कायम मीच लिहायचे, कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा लिहिले आणि मग तेच चालू राहिलं. तुमचे कुठले प्रवाह याबद्दल काय म्हणतील ते खरंच सांगा.

अर्धविराम
उदारमतवादी म्हणेल आळीपाळी लावा आणि लेखी नियम करा. मार्क्सवादी विचारेल या कामाचे वेगळे पैसे किंवा अप्रेझलमध्ये नोंद आहे का. वेस्ट आणि झिमरमन हे दोन समाजशास्त्रज्ञ १९८७ मध्ये म्हणतात की लिंग ही आपण रोज एकमेकांसमोर 'करतो' ती गोष्ट आहे, म्हणजे वही तुम्ही उघडलीत आणि बाकीच्यांनी ती उघडू दिली, त्यातच ते घडलं. बघा, नावं कामाला आली.

मधली सुट्टी
आळीपाळी मी दोन महिन्यांपूर्वीच मागितली आणि मिळालीसुद्धा, लगेच. पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने मिनिट्स चार दिवस उशिरा पाठवले, अर्धे मुद्दे नव्हते. कोणी काही बोललं नाही. मग मॅनेजरने मला वेगळा मेसेज केला की पाठवायच्या आधी तू एकदा नजर टाकत जा, तुझं व्यवस्थित असतं. आता मिनिट्स आळीपाळीने सगळे लिहितात आणि दर वेळी तपासते मी. आधी निदान माझं नाव खाली असायचं.

निळी शाई
हे नाव काढून पुढच्या पेपरात घालू का? चौकोनांच्या जागी हा प्रसंग देते, नियम बदलल्यावरही काम परत हिच्याकडेच का आलं ते लिहा म्हणते. प्रवाहांची नावं वापरायची मुभा ठेवते, अर्धविराम.

अर्धविराम
मुभा नको, सक्ती ठेवा. किमान दोन प्रवाह, आणि ते एकमेकांशी कुठे भांडतात तेही लिहायला लावा.

मधली सुट्टी
घाला. उत्तरं आली की मलाही वाचायला द्या.