ड्रिफ्ट डाइव्ह: मधेच थांबता येतं का?

मडगावकर:
गेल्या सीझनला गोव्यात ग्रँड आयलंडला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केला, पाणी गढूळ होतं पण करंट असा जाणवलाच नाही. आता फेब्रुवारीत मालदीवला चाललोय, तिथे रीफच्या उताराला धरून ड्रिफ्ट डाइव्ह आहे म्हणे, आपण वाहत जायचं नि बोट वरून मागोमाग येणार. मी एखादा मासा बघत राहिलो नि ग्रुप पुढे गेला तर? उलटं पोहत येता येतं का?

निळापाणी:
उलटं पोहायचं डोक्यातूनच काढ रे. एक नॉट करंट म्हणजे मिनिटाला ३० मीटरच्या वर, त्याच्या विरुद्ध फिन्स मारत बसलास तर दम लागतो नि टाकीतली हवा बघता बघता संपते. थांबायचंच असेल तर उताराला अगदी लगटून राहा, तळाजवळ पाण्याला ओढ कमी असते, मोठ्या खडकाचा आडोसा मिळाला तर निवांत बघता येतं, फक्त कोरलला हात लावू नकोस, एवढंसं वाढायला त्याला वर्षं लागतात. आणि खोलीचं गेज सारखं बघ. उतार खाली जातो तसे आपणही नकळत खोल जातो, तुझ्या कोर्सची मर्यादा १८ मीटर.

वास्कोची ताई:
आमच्या घरी होडी आहे म्हणून सांगते, तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं ते पहिल्या ड्रिफ्टला बरं. मालदीवला वाऱ्यामुळेही करंट असतो, पण भरती-ओहोटी आहेच.

निळापाणी:
हे बरोबर. आणि ग्रुप सुटलाच तर एक मिनिट आजूबाजूला बघायचं, नाही दिसले तर सावकाश वर, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं नि तिथूनच एसएमबी, म्हणजे दोरीला बांधलेला खुणेचा फुगा, वर सोडायचा. माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, असाच सुटलेला, लाटांत नुसतं डोकं बोटवाल्याला दिसतच नाही, तो नारिंगी फुगा दिसला म्हणून सापडला. सोडताना रीलची दोरी अंगात अडकली तर फुगा तुलाच वर खेचेल, म्हणून जायच्या आधी ग्रँड आयलंडला इन्स्ट्रक्टरसोबत चार-पाचदा सोडून बघ.

मडगावकर:
कालनिर्णय काढून बसलोय, तारखा अष्टमीकडे सरकवतो. एसएमबी स्वतःचा घ्यावा का भाड्याचा चालेल?

निळापाणी:
स्वतःचा घे, ज्यावर सराव केलास तोच ने.