रिदमबॉक्समध्ये काही एम४ए वाजतात, काही नाही; डब्ल्यूएमए तर एकही नाही

प्रश्न
उबंटूवर डेब पॅकेजमधून घातलेला रिदमबॉक्स हा म्युझिक प्लेअर आहे. एमपी३, फ्लॅक, ऑग बिनतक्रार वाजतात. एम४ए फायलींपैकी निम्म्या वाजतात, उरलेल्या लायब्ररीत येतच नाहीत, डावीकडच्या ‘इम्पोर्ट एरर्स’मध्ये जाऊन बसतात. डब्ल्यूएमए एकही लागत नाही. व्हीएलसीत मात्र सगळं चालतं. जीस्ट्रीमरचे (रिदमबॉक्स ज्याच्या जोरावर फायली वाजवतो ती यंत्रणा) ‘गुड’ आणि ‘बॅड’ हे दोन्ही प्लगइन-संच आधीच इन्स्टॉल आहेत. एकाच एक्स्टेन्शनच्या फायलींत हा फरक कशामुळे?

उत्तर १
एम४ए हा नुसता डबा आहे. आत एएसी असू शकतं किंवा अलॅक, म्हणजे ॲपलचं लॉसलेस. डबा उघडणारा डीमक्सर ‘गुड’ संचात येतो, एएसीचा डिकोडर, म्हणजे आतला आवाज उलगडणारा भाग, ‘बॅड’मध्ये मिळतो, म्हणून तुमच्या निम्म्या फायली वाजतात. अलॅकसाठी लिबएव्ही हे जीस्ट्रीमरचं आणखी एक प्लगइन लागतं आणि नेमकं तेच तुमच्याकडे नाही. चार मिनिटांचं गाणं ७-८ एमबीचं असेल तर आत बहुधा २५६ केबीपीएसचं एएसी, २५-३० एमबीचं असेल तर अलॅक. अंदाजावर राहायचं नसेल तर टर्मिनलमध्ये एफएफप्रोबला (फायलीत काय आहे ते सांगणारी कमांड) फाइल द्या. ‘ऑडिओ:’च्या पुढे कोडेकचं नाव छापून येतं.

डब्ल्यूएमएला दोन गोष्टी लागतात: एएसएफ डबा उघडणारा डीमक्सर ‘अग्ली’ संचात, डिकोडर लिबएव्हीत. एकच घातलं तर गाणं लागणार नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. तेव्हा जीस्ट्रीमर१.०-लिबएव्ही आणि जीस्ट्रीमर१.०-प्लगइन्स-अग्ली ही दोन्ही पॅकेजं ॲप्टने (उबंटूत पॅकेजं घालायची कमांड) एकदमच घाला. दोन्ही ‘युनिव्हर्स’मध्ये आहेत, ती रिपॉझिटरी सुरू असल्याची खात्री करा.

व्हीएलसी जीस्ट्रीमरच्या वाटेला जातच नाही, थेट लिबएव्हीकोडेक वापरतो. तिथे वाजतं याचा अर्थ फायली धड आहेत.

उत्तर २
उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज हे एकच पॅकेज घातलं तरी हे सगळं येतं, पण त्यासोबत मायक्रोसॉफ्टचे फॉन्टही येतात. मध्येच परवान्याचा मजकूर पडदाभर उघडतो आणि तिथे माउस चालत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर जा, मग एंटर. ती खिडकी तशीच बंद केली तर इन्स्टॉल अर्धवट राहतं आणि पुढे ॲप्ट प्रत्येक वेळी कुरकुरतं. फक्त गाणी ऐकायची असतील तर वरची दोन पॅकेजं पुरेत.

प्रश्नकर्ता
दोन्ही घातली. जीएसटी-इन्स्पेक्टमध्ये (जीस्ट्रीमरची प्लगइन दाखवणारी कमांड) अलॅकचा डिकोडर दिसतो, तरी त्या फायली लायब्ररीत नाहीत.

उत्तर १
रिदमबॉक्स खरोखर बंद झाला आहे का ते बघा. खिडकी मिटली तरी तो मागे चालू राहू शकतो. मेन्यूतून ‘क्विट’ करा. मग पुन्हा उघडून तेच फोल्डर नव्याने इम्पोर्ट करा. तरीही आलं नाही तर होममधल्या .कॅश फोल्डरात जीस्ट्रीमर-१.० आहे, त्यातली ‘रजिस्ट्री’ने सुरू होणारी फाइल उडवा. ती प्लगइनची नोंदवही असते, पुढच्या वेळी आपोआप नवी तयार होते.

उत्तर ३
पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी: रिदमबॉक्स फ्लॅटपॅकचा (डेबऐवजी बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) असेल तर ॲप्टने काहीही घाला, त्याला ते दिसणार नाही. त्याचे कोडेक रनटाइमच्या (ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) एक्स्टेन्शनमधून, म्हणजे जोडसंचातून येतात आणि एक्स्टेन्शनची आवृत्ती रनटाइमशी जुळावी लागते. रनटाइम कोणता ते ‘फ्लॅटपॅक इन्फो’ सांगतं.

एम४पी (ॲपलच्या कुलूपबंद फायली) किंवा डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप असलेल्या डब्ल्यूएमए कुठल्याही प्लगइनने वाजणार नाहीत. आणि डब्ल्यूएमएचं एमपी३ करू नका: एकदा काटछाट झालेल्या आवाजाची पुन्हा काटछाट होते. अलॅकचं फ्लॅक मात्र खुशाल करा, त्यात आवाजाचा एक बिटही जात नाही.